शंभर वॅटचा बल्ब टाकू का?

कापूस वेचणीला आला, गव्हा-हरभऱ्याच्या ओलितासाठी लाइन रात्रीची मिळू लागली, जागलीला जाणं सुरू झालं, की या सदराकडे हेडलाइटची पत्रं येतात. या खेपेला तर दुसरं काही फारसं आलंच नाही. म्हणून मायलेज आणि क्लचची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे जुनी डिझेल जीप आहे. शेताची वाट निम्मी डांबरी, निम्मी पांदणीची, आणि एका अंगाला टिपेश्वरचं जंगल. रात्री रोही आणि रानडुकरं आडवी येतात. हेडलाइट लागले आहेत की नाही हे उतरून पाहावं लागतं, इतका उजेड कमी. यवतमाळच्या एका दुकानात १००/९० वॅटचे हॅलोजन बल्ब दाखवले, १३०/१०० चेही आहेत म्हणाले. 'जुने काढा, हे टाका, काही होत नाही.' घरी मोठे भाऊ म्हणतात, वायरिंग जळेल. कोणाचं ऐकू?
— एक शेतकरी, ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर : मोठ्या भावाचं ऐका. बल्ब बदलूच नका असं नाही, पण तो नंबर शेवटचा.

तुमच्या जीपला मागे तीन पाती असलेला एच-फोर बल्ब असणार. त्याच्या पत्र्यावर १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट असं कोरलेलं दिसेल. अप्परला, म्हणजे लांबच्या झोताला ६०, डिपरला, म्हणजे खाली वळवलेल्या झोताला ५५. त्याच्या पायापर्यंत १३.२ व्होल्ट पोचले तर हा बल्ब अप्परला साधारण १६५० आणि डिपरला १००० ल्युमेन उजेड देतो. हा बल्ब १९७१ साली आला आणि जगभरच्या गाड्या त्याच्यावर रात्री-बेरात्री धावल्या. तेव्हा तो मुळात कमजोर आहे, असं समजायचं कारण नाही.

मग उजेड जातो कुठे? तारेत. बॅटरीतून निघालेला करंट चावीच्या स्विचमधून, स्टिअरिंगखालच्या दांडीतून, अप्पर-डिपरच्या पत्तीतून, बॉनेटमधल्या दोन-तीन कनेक्टरांतून बल्बपाशी येतो आणि तिथून बॉडीच्या एखाद्या गंजलेल्या स्क्रूवाटे परत जातो. विहिरीवरून लांबवर पाइप अंथरला आणि मध्ये चार जोड गळके असले की शेवटच्या तोटीला धार कशी येते, ते तुम्हाला सांगायला नको. वायरिंगमध्ये तेच होतं, फक्त गळणारं पाणी दिसतं आणि गळणारे व्होल्ट दिसत नाहीत.

आणि हॅलोजनचा स्वभाव असा, की व्होल्टेज थोडं घसरलं तरी उजेड फार घसरतो. व्होल्टेज ५ टक्के कमी झालं की उजेड साधारण १६ टक्के कमी होतो. १० टक्के कमी झालं की ३० टक्के. जुन्या गाडीत बल्बपाशी ११.८ व्होल्ट सापडणं यात मला आता नवल वाटत नाही. तिथे १३.३ आणून दिले तर त्याच बल्बचा उजेड दीडपट होतो. त्याच बल्बचा, बरं का. दुकानात एक रुपयाही न देता.

तपासायला साधा डिजिटल मीटर लागतो. इंजिन चालू ठेवा, डिपर लावा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं पेटलेल्या बल्बच्या प्लसच्या पातीवर. बल्ब काढून मोजू नका. करंट वाहत नसेल तर मीटर १२-१३ दाखवतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत मेले. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं बल्बच्या अर्थच्या, म्हणजे बॉडीला जोडलेल्या पातीवर. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की काम काढायला हरकत नाही. खूपदा मोठा आकडा दुसऱ्या मोजणीत येतो, म्हणजे दोष अर्थचा असतो. स्क्रू काढून खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासायचा, लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) नवा मारायचा, परत घट्ट करून वरून ग्रीस लावायचं. बल्बच्या अर्थमधून बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी तार ओढली तर उत्तमच. एक सावधगिरी : जपानी धाटणीच्या काही गाड्यांत स्विच प्लसवर नसून अर्थच्या बाजूला असतो. तिथे ही मोजणी आणि जोडणी उलटी पडते. जीपबद्दल ही शंका फारशी नाही, पण मीटर लावण्याआधी टेस्ट लॅम्पने पाहून घ्या.

आता त्या १००/९० कडे. सध्या डिपरला दोन बल्बचे ११० वॅट, म्हणजे नऊ-साडेनऊ अँपिअर वाहतात. ९०चे टाकले की १५. १३०/१०० वाल्याचा अप्पर लावला की जवळपास २२. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, आणि वाटेत मरणारे व्होल्टही करंटच्या प्रमाणात वाढतात. म्हणजे आधीच जिथे दीड व्होल्ट गळत होता तिथे आता अडीच गळणार. जादा पैसे देऊन घेतलेल्या उजेडातला मोठा वाटा स्टिअरिंगखालची दांडी तापवण्यात जाईल. पहिली ती पत्ती जळते. मग होल्डरचं प्लास्टिक पिवळं पडून ठिसूळ होतं, बल्ब सैल होतो, सैल जोडावर आणखी उष्णता. रिफ्लेक्टरची चांदी धुरकटते, आणि काच प्लास्टिकची असेल तर तिलाही भाजतं. फ्यूज उडायला लागला की आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे मोठा फ्यूज, तोही उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी नाहीतर तारेचा तुकडा. तुमचे भाऊ ज्या आगीची भीती घालतात ती तिथून लागते. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असलं की तर बोलायलाच नको, आणि सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी राहणारी गाडी उंदरांपासून सुटत नाही.

एसटीच्या बसला काही होत नाही, मग आमच्याच गाडीला का, असं एका गिऱ्हाइकाने मला विचारलं होतं. बसचं वायरिंग २४ व्होल्टचं. तिथला एच-फोर ७५/७० वॅटचा असला तरी एका बल्बमागे करंट तीन अँपिअरच्या आसपासच. वॅट जास्त, तारेवरचा भार कमी.

तेव्हा क्रम असा धरा. आधी अर्थ आणि कनेक्टर. मग रिले, म्हणजे थोड्याशा करंटने चालणारा आणि मोठा करंट जोडणारा स्विच. दोन रिले घ्या, एक अप्परचा, एक डिपरचा. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात प्रत्येकाला १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिलिमीटरची तार रिलेच्या ३० नंबरला. ८७ मधून बल्बकडे. जुन्या होल्डरात येणारी लाइन ८६ ला, आणि ८५ अर्थला. आता जुन्या वायरिंगला फक्त रिलेची कॉइल ओढायची आहे, तिला पाव अँपिअरही लागत नाही. स्विचचं आयुष्यही वाढतं. होल्डर चिनी मातीचे घ्या, प्लास्टिकचे नकोत. तयार किट हजाराच्या आतबाहेर मिळतं. मात्र त्यातली तार हातात धरून पाहा, वरचं रबर जाड आणि आत तांब्याचे चार केस असा माल बराच फिरतो. रिले बॉनेटमध्ये तोंड खाली करून बसवा, म्हणजे धुताना पाणी आत साचणार नाही.

एवढं करून रात्री एक चक्कर मारा. तरी उजेड कमी वाटला तर मग बल्ब बदला, पण ६०/५५ च्याच जातीतला. फिलिप्स, ओसराम यांचे 'शंभर टक्के जादा', 'दीडशे टक्के जादा' लिहिलेले बल्ब मिळतात ते वॅट तितकेच ठेवून फिलामेंट बारीक आणि जास्त नेमकं बसवतात. ती टक्केवारी रस्त्यावरच्या ठरावीक जागेवरच्या उजेडाची असते, एकूण उजेडाची नसते, त्यामुळे दुप्पट दिसेल अशी आशा धरू नका. फरक मात्र पडतो. बदल्यात आयुष्य कमी. निळसर काचेचे बल्ब घेऊ नका. तो निळा रंग काही उजेड स्वतःच गिळतो आणि समोरच्याला जास्त टोचतो. दिसायला महाग गाडीसारखं दिसतं, एवढाच लाभ.

१००/९० च्या चांगल्या कंपनीच्या खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, की हा सार्वजनिक रस्त्यासाठी नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मापाबाहेर गाडीत फेरफार करता येत नाही. पकडलं जाणं दूरच राहू द्या, उद्या गाडी पेटली तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

आणि रोह्यांचं. साठच्या वेगात गाडी सेकंदाला १७ मीटर जाते. दिसलं, समजलं, पाय ब्रेकवर आला यात दीड सेकंद धरा, म्हणजे २५ मीटर गेले. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी वीसेक. ८० ला हेच अंतर सत्तरच्या घरात जातं, आणि डिपरच्या झोतात काळं जनावर तेवढ्या लांबून कळत नाही. रोही, चितळ, बैल यांचे डोळे उजेडात चमकतात, त्यामुळे सवय झालेला माणूस आधी डोळे पाहतो आणि मग जनावर. रानडुकराचे डोळे तसे चमकत नाहीत. त्यामुळे त्या पट्ट्यात रस्ता मोकळा असेल तर अप्पर, समोर कोणी दिसलं की डिपर, आणि काटा पन्नासच्या खाली.

प्रश्न : संत्र्याच्या वाहतुकीसाठी पिकअप आहे. दोन महिन्यांपूर्वी हॅलोजन काढून त्याच होल्डरात एलईडी टाकले. घराच्या भिंतीवर उजेड एकदम पांढरा, जोरदार. पण रस्त्यावर समोरचे सगळे अप्पर मारतात, काही शिव्याही घालतात. मी तर डिपरवरच असतो! उलट लांबचं मला पूर्वीपेक्षा कमीच दिसतं.
— एक वाहनमालक, वरूड, जि. अमरावती

उत्तर : शिव्या घालणाऱ्यांची बाजू मला घ्यावी लागते.

हॅलोजनचा जुना बल्ब असेल तर हातात घेऊन पाहा. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी आहे. ती खालचा उजेड अडवते, त्यामुळे डिपरला रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि झोत खाली, रस्त्यावर पडतो. हे सगळं गणित फिलामेंट नेमकं कुठे आहे यावर बसवलेलं असतं, मिलिमीटरच्या हिशोबाने. तुमच्या एलईडीत फिलामेंटच्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिप आहेत. उजेड निघतो जास्त, पण रिफ्लेक्टरला अपेक्षित होता तिथून निघत नाही. तो आभाळात जातो, झाडावर जातो, समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि तुमच्या पुढच्या दहा मीटरवर सांडतो. जवळ लख्ख दिसलं की आपले डोळे त्या उजेडाला जुळवून घेतात आणि लांबचा अंधार अधिकच काळा होतो. तुम्हाला कमी दिसतं ते यामुळे. भिंतीवरून उजेड किती हे कळतं, झोत कुठे जातो हे रस्त्यावर कळतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्येही झोत समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा खाली वळवलेला हवा, अशीच अट आहे. कंपनीतून एलईडी दिवे घेऊन आलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे अख्खा दिवाच त्यासाठी घडवलेला असतो. तुमचे एलईडी काढा आणि ६०/५५ परत लावा.

पण बल्ब बदलूनही तुमचं अर्धं दुखणं उरेल, कारण तुम्ही पिकअप भरून चालवता. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर धरा. क्रेट भरल्यावर मागची बाजू सहा सेंटिमीटर बसली, तर गाडीचं नाक २ टक्के वर उठलं. हेडलाइट साधारण १ टक्का खाली लावलेला असतो. तो आता १ टक्का वर पाहतोय. ५० मीटरवर झोत दिव्याच्या उंचीपेक्षा अर्धा मीटर वर, म्हणजे नेमका मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत. डॅशबोर्डवर ० ते ३ असे आकडे असलेलं छोटं चाक असेल तर ते यासाठीच आहे. भरल्या गाडीला २ किंवा ३ वर, रिकामं परतताना शून्यावर. असं चाक आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं, आणि ते ज्या गाड्यांत आहे त्यांत बहुतेक वेळा शून्यावर अडकलेलं असतं.

फोकस घरीच लावता येतो. सपाट ओट्यावर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा, टायरात हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी कोणीतरी बसवा. बल्बच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा. डिपर लावल्यावर उजेड-अंधाराची कड त्या रेघेखाली ५ सेंटिमीटरवर यायला हवी. डाव्या अंगाला कड वर चढलेली दिसेल, ती तशीच राहू द्या. आपण डाव्या बाजूने चालतो, कडेचा माणूस तिच्यामुळे दिसतो. ती उजवीकडे चढत असेल तर दिवाच परदेशी मापाचा बसवलेला आहे. चाक नसलेल्या गाडीचा फोकस भरल्या गाडीवर लावा, रिकाम्यावर नको.

प्रश्न : माझी छोटी गाडी आहे, शाळेसाठी रोज धारणी भागातल्या घाटातून येते. हेडलाइटच्या काचा पिवळ्या, धुरकट झाल्यात. टूथपेस्टने निघतात असं एकाने सांगितलं. खरं आहे का?
— एक शिक्षिका, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : ताई, काही दिवसांपुरतं खरं आहे. तुमच्या 'काचा' प्लास्टिकच्या आहेत, पॉलिकार्बोनेटच्या. त्यावर उन्हापासून वाचवणारा पातळ थर असतो. आपल्याकडचा मे महिना तो खातो आणि मग प्लास्टिक पिवळं पडतं. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, तिने वरचा मळ निघतो, पण थर परत येत नाही, म्हणून एक-दोन महिन्यांत पुन्हा तेच. नीट करायचं तर ओल्या पॉलिश पेपरने, ८०० पासून २००० नंबरपर्यंत, पाणी मारत घासा, मग पॉलिशिंग कंपाउंड, आणि शेवटी ऊन रोखणारा क्लिअर कोट. शेवटची पायरी चुकवली तर मेहनत वाया. गाडी सावलीत, निदान तोंड पूर्वेला-पश्चिमेला न करता उभी ठेवत जा. तडे आतून गेले असतील तर मात्र नवा दिवाच घ्यावा लागेल. आणि हो, पिवळ्या काचेमागे जादा वॅटचा बल्ब टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आतून प्लास्टिक आणखी भाजेल.

प्रश्न : उजव्या बाजूचाच बल्ब सारखा उडतो, डावा वर्षानुवर्षं चालतो. काय करावं?
— एक वाचक, देवरी, जि. गोंदिया

उत्तर : अल्टरनेटरचं व्होल्टेज चढलं असतं तर दोन्ही उडाले असते. एकच उडतो म्हणजे दोष त्या बाजूला. दिव्यात पाणी शिरतं का पाहा, मागचं रबरी झाकण फाटलेलं असेल. होल्डर सैल असेल तर धक्क्याने फिलामेंट तुटतं. तिसरं कारण तुमच्या बोटांत आहे : बल्बची काच हाताने धरता का? ही काच क्वार्ट्झची आणि पेटल्यावर शेकडो अंशांनी तापणारी. बोटाचा घाम, तेल तिच्यावर राहिलं की तेवढीच जागा जास्त तापते, काच पांढुरकी होते आणि बल्ब जातो. पत्र्याच्या कड्याला धरून बसवा. हात लागलाच तर स्पिरिटने पुसा.

प्रश्न : मी गाडीवाला नाही, बंडीवाला आहो. कापूस घेऊन रात्री निघा लागते. समोरून गाडी आली का तिच्या उजेडानं बैलं बुजते, अन् मागून येनाऱ्याले आमची बंडी दिसत नाही. तुम्ही गाडीवाल्याइलेच सांगता. आमाले काही सांगा ना भाऊ.
— एक बंडीवाला शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : दादा, बरोबर बोललात. गाडीवाल्यांसाठी आधी : बंडी दिसली की लगेच डिपर, आणि हॉर्न दाबून धरायचा नाही. बैलाच्या डोळ्यामागे उजेड परत फेकणारा पडदा असतो, अंधारात त्याला आपल्यापेक्षा बरं दिसतं ते त्याच्यामुळे, आणि अप्पर त्याला आपल्यापेक्षा जास्त लागतो तोही त्याच्यामुळेच.

तुमच्यासाठी : रिफ्लेक्टर टेप आणा. ट्रकच्या मागे लावतात ती चौकडीची, चकाकणारी; रंगीत चिकटपट्टी नव्हे. ही टेप उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवते, त्यामुळे साध्या डिपरमध्येही ती लांबून पेटल्यासारखी दिसते. मागे लाल, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी. मागच्या दोन्ही टोकांना लावा, मध्ये एकच नको. दोन दिसल्या की मागच्याला बंडीची रुंदी कळते. कापसाने बंडी फुगली की मागच्या फळीवरची टेप झाकली जाते, म्हणून ती खाली, आखाच्या उंचीला हवी. लाकडावर थेट चिकटवली तर पहिल्या पावसात निघेल. डब्याच्या पत्र्याचे दोन तुकडे कापा, घासून कोरडे करा, त्यावर टेप चिकटवा आणि पत्रा खिळ्यांनी ठोका. काळी माती बसली की टेप काम करत नाही, निघण्याआधी ओल्या फडक्याने पुसत जा. बैलांच्या शिंगांनाही एक-एक पट्टी गुंडाळता येते, पोळ्याचा बेगड गुंडाळतात तशी.